‘आभासी’ जग, वीर आणि चकवा

आर्वीकडच्या एका खेड्यातून बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोराचा प्रश्न आला. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी त्यानं सोशल मीडियावर लेख लिहिला, त्यात एक वाक्य आहे, ‘रोज तीन-चार तास मी आभासी जगात असतो, आणि खऱ्या माणसांशी बोलायचं राहून जातं.’ सरांनी ‘आभासी’भोवती लाल गोल काढून ‘अभासी’ केलं. तर बरोबर कोणतं, आणि सोशल मीडियाला ‘समाजमाध्यम’ म्हणायचं की ‘समाजमाध्यमं’, असं दोन्ही विचारलं.

आभासी. आ दीर्घच, आ अधिक भास्. ‘अभासी’ चूक, सरांना कोश उघडून दाखव. झालं उत्तर.

पण बाबू, मला त्या ऱ्हस्व-दीर्घाचं काही नाही, मला तो शब्दच खटकून राहिला, आणि आजचा नाही, 2020 च्या लॉकडाउनपासूनचा. तेव्हा जे सुरू झालं, आभासी वर्ग, आभासी सभा, ‘आभासी पद्धतीने उद्घाटन’, ते थांबायचं नावच घेत नाही. उद्घाटन झालं, फीत कापली, पैसे खर्च झाले, आणि पेपरवाले लिहितात आभासी. क्रिप्टोला आभासी चलन म्हणतात, त्यावर 2022 च्या अर्थसंकल्पात 30 टक्के कर बसला. भासावर कर बसतो का कधी?

आपल्याकडे आभास म्हणजे दिसतं पण नसतं. व्याकरणातला विरोधाभास अलंकार घे, विरोध वाटतो पण नसतो. न्यायशास्त्रातला हेत्वाभास घे, कारणासारखं दिसतं पण कारण नसतं. म्हणजे शब्दाच्या पोटातच ‘नाही’ बसलेलं आहे.

आता हा शब्द इथं घुसला कुठून? माझं ठाम मत आहे की हा आरशाच्या धड्यातून आला. शाळेच्या विज्ञानात वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा असतात, तिथं व्हर्च्युअल इमेजला आभासी म्हणणं एकदम चोख आहे, कारण आरशाच्या मागं खरंच काही नसतं. पुढं कॉम्प्युटर आला, व्हर्च्युअल शब्द परत आला, आणि भाषांतर करणाऱ्यानं शाळेत पाठ केलेलं उत्तर तसंच्या तसं उचलून ठेवलं. पण त्याच धड्यातली व्याख्या आठव ना, जी पडद्यावर घेता येत नाही ती आभासी प्रतिमा. आणि फोनवरचं जे काही आहे ते सगळंच्या सगळं पडद्यावर आहे! ज्या पुस्तकातून शब्द घेतला त्याच पुस्तकानं तो इथं चुकीचा ठरतो.

आणि आता ती गोष्ट सांगतो जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. व्हर्च्युअल हा शब्द लॅटिनच्या विर्तुस वरून आला, आणि विर्तुस आला ‘विर’ वरून. विर म्हणजे पुरुष, मर्द माणूस. ओळखीचं वाटलं? आपला वीर! लॅटिनचा विर आणि संस्कृतचा वीर हे सख्खे भाऊ, एकाच जुन्या मुळाचे. इंग्रजीच्या वेअरवुल्फ मधला वेअर पण त्याच घरचा, माणूस अधिक लांडगा. आणि नातं इथंच संपत नाही. विर वरून जसं विर्तुस झालं तसं आपल्याकडे वीर वरून वीर्य झालं, दोन्हींचा अर्थ आधी पराक्रम आणि मग ताकद. आयुर्वेदात औषधाचं वीर्य सांगतात, शीतवीर्य, उष्णवीर्य, म्हणजे त्या मुळीच्या अंगी असलेली काम करायची शक्ती. पूर्वीच्या इंग्रजीतही झाडपाल्याच्या गुणाला व्हर्च्यूच म्हणायचे! मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी घरातल्या सगळ्यांना उठवून सांगितलं होतं.

तर व्हर्च्युअल म्हणजे काय, रूपानं हजर नाही पण ताकदीनं हजर आहे. आभासी म्हणजे रूपानं दिसतं पण ताकद काहीच नाही. बरोब्बर उलटं! सुलट्या शब्दाला उलटा शब्द बसवला आणि वर त्यालाच शुद्ध मराठी म्हणून राहिले.

आमची माय 78 वर्षांची आहे. संध्याकाळी नागपूरच्या नातीला व्हिडिओ कॉल लावते, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवते, तुरीच्या शेंगा सोलता सोलता बोलते. मागच्या डिसेंबरात पाहत होतो, मायनं एकदम दटावलं, ‘नाक लाल झालं तुहं, स्वेटर घाल वं आधी.’ आणि ती पोरगी तिकडे उठली, दोन मिनिटं पडद्यावर नुसती भिंत दिसली, मग स्वेटर घालून परत येऊन बसली. माय तिथं नव्हती पण तिचा शब्द तिथं चालला. हे आभासी आहे का? हेच वीर्य.

तुझ्याच लेखात बघ ना. बारावीच्या निकालाच्या दिवशी गावच्या ग्रुपवर तुझ्या टक्क्यांचं मीम कोणी तरी टाकलं, तू पाण्याच्या टाकीजवळ रेंज पकडून ते वाचलं आणि दोन दिवस जेवला नाहीस, आई विचारून राहिली की काहून जेवून नाही राहिला रे. एवढं लिहून खालच्याच ओळीत आभासी जग म्हणतोस. भूक गेली ती खरी होती ना? मग ज्यानं ती घालवली ते आभासी कसं?

कोशवाले म्हणतील, आता रुळला शब्द, शास्त्राद् रूढिर्बलीयसी. मान्य नाही. सहा-सात वर्षं पेपरात छापून आला म्हणजे रूढी होत नाही, गावात कोणाच्या तोंडी आहे का तो? आमच्याकडे पोट्टे ऑनलाइन म्हणतात, म्हाताऱ्या ‘फोनात’ म्हणतात. ऑनलाइन मैत्री, फोनवरची ओळख असं लिही, कोणाचं काही बिघडत नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं ‘दूरदृश्य प्रणाली’ जड आहे पण निदान खोटं तरी बोलत नाही.

आणि तुला त्या तीन-चार तासांसाठीच शब्द पाहिजे असेल तर तो घरातच आहे, चकवा. आमचे बाबा रात्रीची लाइन, म्हणजे वीज, आली की पिकाला ओलित करायला वावरात जायचे, एकदा चकवा लागला तर पहाटेपर्यंत त्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फिरत होते, घर तीन वावरं पलीकडे. रील्सचं तेच नाही का, बोट सरकवत राहा, बांधच लागत नाही. ही न संपणारी सरकपट्टी एझा रास्किन नावाच्या डिझायनरनं 2006 मध्ये काढली आणि पुढं त्यालाच तिचा पस्तावा झाला. चकव्यात वाट खोटी असते पण पाय खरेच दुखतात, म्हणून हा शब्द आभासीपेक्षा शंभरपट चांगला. बाबा म्हणायचे, चकवा लागला की चालायचं नाही, जागेवर बसून राहायचं, तांबडं फुटलं की वाट आपोआप दिसते.

समाजमाध्यम एक, समाजमाध्यमं अनेक. चकव्याला मेळघाटाकडे आणि गडचिरोलीकडे वेगळा शब्द असेल तर मला नक्की कळव, तुमच्या होस्टेलात तिकडचे पोट्टे असतीलच.