बावीस महिने ‘ट्रेनिंग’ चालतं का?

प्रश्न: मी नागपुरात सक्करदऱ्याला राहते. माझा मुलगा 25 वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे. प्रमाणपत्र 75 टक्क्यांचं आहे. त्याच्या कार्यशाळेतल्या मॅडमनी मार्च 2024 मध्ये त्याला हिंगणा एमआयडीसीतल्या पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात लावून दिलं. ‘ट्रेनी’ म्हणून महिन्याला 3,000 रुपये मिळत. तिथे चाळीसेक कामगार आहेत. त्यांच्यासारखेच आठ तास तो खोके घडी करून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचा. डिसेंबर 2025 मध्ये सुपरवायझर बदलले. नवे सगळ्यांसमोर म्हणाले, ‘या येड्याले नाही जमत’, आणि जानेवारीपासून येऊ नको म्हणून सांगितलं. आम्ही तक्रारीचं बोललो तर कारखाना म्हणतो, आधी कोर्टातून पालकत्व आणा. शिवाय मुलाच्या बाबांनी सुरुवातीला स्टॅम्प पेपरवर ‘पगार मागणार नाही’ असं लिहून दिलं आहे. मॅडम म्हणतात, तक्रार केली तर बाकीच्या मुलांना तिथे कोणी घेणार नाही. मुलगा अजून रोज सकाळी डबा भरून मागतो. काय करावं?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते बाबांच्या सहीबद्दल. तिथूनच सुरू करतो, कारण कारखान्याच्या दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देतात. पालकत्वाचा कागद नसेल तर तक्रार करता येत नाही, असं ते आज सांगतात. मग 2024 मध्ये 23 वर्षांच्या सज्ञान मुलाच्या वतीने बाबांची सही त्यांनी कोणत्या अधिकारात घेतली?

खरं म्हणजे दोन्ही मुद्दे टिकणारे नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 13 दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता देतं. मजुरीचा दावा तुमचा मुलगा स्वतः करू शकतो. सही येत नसेल तर अंगठा चालतो, सोबत तुम्ही बसा. पुढेमागे बँकेसाठी किंवा मालमत्तेसाठी पालकत्व लागलंच, तर ते राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खालच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतं. त्या समितीवर जिल्हाधिकारी असतात, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आणि स्टॅम्प पेपरचं म्हणाल, तर कायद्याने देय असलेलं वेतन सोडून देण्याचा करार रद्दबातल असतो. मग तो बाबांनी करो, मुलाने करो की उद्या नेमलेल्या पालकाने. बाबांना त्यावरून बोल लावू नका. पोराला कुठेतरी काम मिळतंय म्हटल्यावर बाप समोर येईल त्या कागदावर सही करतो, हे मी माझ्या टेबलासमोर अनेकदा पाहिलं आहे.

आता ‘ट्रेनी’ या शब्दाकडे येऊ. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 प्रमाणे शिकाऊ उमेदवार ठेवता येतो, आणि त्याला किमान वेतनाऐवजी विद्यावेतन देता येतं. पण त्यासाठी लेखी करार हवा, त्याची नोंदणी हवी आणि मुदत ठरलेली हवी. असा नोंदलेला करार नसेल, तर तुमचा मुलगा कायद्याच्या नजरेत कामगार आहे. तो बांधत होता ते गठ्ठे गिऱ्हाइकाकडे जात होते, शेजारी बसलेला माणूस तेच काम पगारावर करत होता. बावीस महिन्यांत त्याला नवीन काय शिकवलं, हा प्रश्न कारखान्याला लेखी विचारा.

आपल्याकडे किमान वेतनाचा दर उद्योग, परिमंडळ आणि कामाचं कौशल्य पाहून ठरतो, आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तुमच्या मुलाचा नेमका फरक कामगार कार्यालयात महिनावार काढून घ्यावा लागेल, पण अकुशल कामगाराच्या दराच्या जवळपासही 3,000 रुपये जात नाहीत. 1982 मध्ये, दिल्लीत एशियाडची बांधकामं करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी असं म्हटलं होतं. ते तुमच्या मुलालाही लागू आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली आहे. तिच्या कलम 45 खाली थकीत रकमेचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि अधिकारी थकबाकीवर दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. जुन्या किमान वेतन कायद्यात मुदत सहा महिन्यांची होती, उशीर माफ करण्याची सोय होती. त्यामुळे 2024 आणि 2025 च्या बऱ्याच महिन्यांबद्दल समोरची बाजू मुदतीचा मुद्दा काढेल. त्यावर आपल्याकडे उत्तर आहे, पण प्रत्येक वाया गेलेला आठवडा त्यांच्या बाजूला जातो.

कामावरून काढलं तेही सहज सुटणार नाही. वर्षात 240 दिवस भरले असतील तर कामगाराला काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयचाही (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) हिशोब मागा. चाळीस कामगारांच्या कारखान्याला दोन्ही लागू होतात.

‘जमत नाही’ याबद्दल तुम्ही मूळ पत्रात एक ओळ सहज लिहून गेलात, मी ती तीनदा वाचली. आधीचे सुपरवायझर टेबलावर त्या दिवशीच्या मापाचा एक तयार खोका ठेवत आणि मुलगा त्याच्याकडे बघून घडी करी. नव्यांनी तो उचलून टाकला आणि तोंडी मापं सांगायला लागले. तिथेच मुलगा गोंधळला. ताई, तो टेबलावरचा खोका म्हणजेच कायदा ज्याला वाजवी सोयीसुविधा म्हणतो ती. ती नाकारणं 2016 च्या कायद्याच्या व्याख्येत भेदभाव ठरतं. रोजगारातल्या भेदभावाचं कलम 20 सरकारी आस्थापनांपुरतं आहे, हे खरं. पण कलम 3 ची भेदभावबंदी तशी मर्यादित नाही, आणि कलम 21 प्रमाणे खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. त्या धोरणाची प्रत मागा. मिळाली नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करा.

सुपरवायझरचे शब्द 2016 च्याच कायद्याच्या कलम 92 खाली गुन्हा ठरू शकतात, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. तरी पहिलंच पाऊल पोलीस ठाण्याकडे टाकू नका, असं माझं मत आहे. मुलाला साक्ष द्यावी लागेल, तेच शब्द पुन्हा पुन्हा ऐकावे लागतील. तो मार्ग बंद होत नाही, मागे ठेवा.

मॅडमची भीती मला खोटी वाटत नाही. अशा मुलांना घेणारे कारखाने मोजकेच आहेत. पण 3,000 रुपयांवर टिकणारी जागा ही दहा मुलांसाठी दहा वेळा तोट्याचीच जागा आहे. त्यांना सोबत घेऊन आधी एक साधं पत्र द्या, त्यात दोनच मागण्या करा: किमान वेतनाचा फरक, आणि टेबलावर नमुन्याच्या खोक्यासह पुन्हा काम. पंधरा दिवस वाट बघा. मग कामगार कार्यालयात दावा.

त्याआधी मुलाला विचारा, त्याला तिथेच परत जायचं आहे का. डबा मागतो म्हणजे हो, असं आपण धरू नये. कदाचित त्याला काम हवं असेल, तो कारखाना नको असेल. तसं असेल तर मागणी फक्त पैशांची करू.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

आणि तुम्ही लिहिलंत, कामाला गेलेल्या प्रत्येक दिवसाला तो कालनिर्णयवर लाल पेनने गोल करायचा. 2024 आणि 2025 ची ती दोन्ही कॅलेंडरं रद्दीत गेली नसतील तर आजच बाजूला काढा, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि गोल मोजा. मालकाने हजेरीपुस्तक दाखवलं नाही, तर 240 दिवसांचा हिशोब आपण त्यावरूनच मांडणार आहोत.