किरीवोंगला जायचं तर कधी आणि कसं? (दक्षिण थायलंड, नदीकाठी दोन निवांत दिवस हवेत)

पावसाचा हिशेब आधी नीट करा. किरीवोंग नखोन सी थम्मरात प्रांतात, खाओ लुआंग डोंगराच्या पायथ्याशी आहे, म्हणजे थायलंडच्या आखाताच्या बाजूला. फुकेटला नोव्हेंबरात आभाळ मोकळं होऊ लागतं, तेव्हा इथे ईशान्य मोसमी पाऊस धो-धो कोसळत असतो. नोव्हेंबर १९८८च्या पुरात डोंगरावरून आलेल्या गाळाने आणि ओंडक्यांनी हे गाव उद्ध्वस्त केलं होतं. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर टाळाच. फेब्रुवारी ते एप्रिल कोरडे महिने. मॅंगोस्टीन हे फळ खायचं असेल तर जुलै-ऑगस्ट.

बँकॉकहून नखोन शहरापर्यंत विमान किंवा रात्रीची रेल्वे, पुढे साधारण पाऊण तास सोंगथाव (दोन बाकांची पिकअप). दुपारनंतर गाड्या कमी होतात, म्हणून उतरतानाच परतीची शेवटची वेळ विचारून घ्या. सुट्टे बाट जवळ ठेवा.

गावात सायकल पुरते. नदीच्या पात्रात गुळगुळीत धोंडे आहेत, पट्ट्याच्या सँडल घाला. वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. ते गढूळ दिसलं की लगेच बाहेर या.

मॅंगोस्टीन आपल्या कोकमाच्याच कुळातलं. त्याच्या सालींपासून केलेल्या रंगात इथे कापड रंगवतात, ते जरूर पाहा.

शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, आमटीच्या वाटणातच सुकटीसारखा वास मारणारी कोळंबीची 'कापी' (आंबवलेला लगदा) असते. 'किन जे' (कडक शाकाहारी खातो) म्हणा. मात्र मग कांदा-लसूणही मिळणार नाही.