तुमच्या जुन्या असेंबल केलेल्या पीसीमध्ये काय काय बदललंत? आणि ते पैसे वसूल झाले का?

वसूल झाले, पण सगळे नाहीत. रॅमचे झाले, प्रोसेसरचे नाही असं माझं मत.

आमचा पीसी २००० साली पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे कम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारातून आला. सेलेरॉन ५३३ प्रोसेसर, इंटेल ८१० चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ एमबी रॅम, १० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ९८ आणि अर्धं टेबल अडवणारा १५ इंची मॉनिटर. त्या बोर्डावर ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी स्लॉटच नव्हता. पडद्याला लागणारी मेमरीही त्याच ६४ एमबीतून कापली जायची. म्हणून पहिला खर्च १२८ एमबी रॅमच्या आणखी एका पट्टीचा. ती बसवली आणि हार्ड डिस्कची अखंड करकर थांबली.

पावसाळ्यात मात्र मशीन मधूनच रुसायचं. पडदा काळा आणि नुसतं बीप-बीप. उपाय ठरलेला: पट्टी काढायची, खालच्या सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं घासायच्या आणि कट्कन आवाज येईपर्यंत परत दाबायची. हे दुकानदारानंच सांगितलं, तेही फुकट. बुधवार पेठेत!

मग विंडोज ९८ काढून विंडोज एक्सपी टाकलं. बाबा सोसायटीच्या नोटिसा श्रीलिपीत टाइप करायचे (श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं). फाइल दुसरीकडे उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मराठीच्या जागी भलतीच अक्षरं आणि चिन्हं. एक्सपीत कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या खिडकीत एक टिकमार्क करून मूळ सीडी घातली, की युनिकोड मराठी, म्हणजे ठरावीक फॉन्टवर न अडणारी मराठी, सुरू व्हायची. सुट्या भागांच्या हिशेबात ही सुधारणा कुणी धरत नाही. बाबांना विचाराल तर त्यांच्या लेखी तीच सगळ्यात मोठी.

आता प्रोसेसर. पेंटियम फोर घ्यायचं ठरलं आणि कळलं की हा नवरदेव वऱ्हाडाशिवाय येत नाही. जुन्या बोर्डाचं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) ३७०, याला हवं ४७८. म्हणजे नवा बोर्ड. त्या बोर्डाला डीडीआर या नव्या प्रकारची रॅम, म्हणजे जुन्या पट्ट्या बाद. वर १२ व्होल्टची चार पिनांची जास्तीची वायर हवी, ती जुन्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) नव्हती. तोही गेला. राहिला तो कॅबिनेट, कारण एटीएक्सचा, म्हणजे बोर्ड आणि कॅबिनेटच्या मापांचा साचा १९९५पासून तोच. एवढं करून टॅली आणि वर्डमध्ये फरक किती? नावापुरता. गेम खेळणाऱ्या धाकट्या भावाचं मत अर्थात वेगळं आहे.

यूपीएस मात्र आधीच घ्यायला हवा होता असं कुणीही पुणेकर सांगेल. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार हे माहीत असायचं, बाकीच्या वारी ती न सांगता जायची.

तुमच्याकडे आज सात-आठ वर्षांपूर्वीचं मशीन असेल आणि त्यात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी त्याजागी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) घाला, मग रॅम ८ जीबी करा. प्रोसेसरला हात लावू नका. आणि काहीही विकत घेण्याआधी विंडोज ११ चालतं का ते बघून घ्या. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि बरेच जुने प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर यादीत नसेल तर एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, घरच्या कामाला पुरतं.