हमीपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न : वकीलकाका, मी निपाणीजवळच्या खेड्यातली. बेळगावात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाची परीक्षा झाल्यावर हौस म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागले. बालरोग वॉर्डात पोस्टिंग होती तेव्हा मुलाचं वजन घातलं की सलाईन किती आणि मिनिटाला किती थेंब, हे सांगणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तो बरोबर चालतो का हे बघायला एका रेसिडेंट डॉक्टरांच्या लॉगिनवरून वॉर्डातल्या कॉम्प्युटरमधल्या ३८ मुलांच्या नोंदी कॉपी केल्या. नावं काढून टाकली. पण ती फाइल प्रोग्रामसोबत गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, सगळ्यांना दिसेल अशी राहिली. आता कॉलेजने दोन कागद दिलेत. एक कारणे दाखवा नोटीस, मुदत सात दिवस. दुसरं इंग्रजी हमीपत्र : प्रोग्राम मी कॉलेजसाठी केला, त्यावर माझा हक्क नाही. त्यावर आईचीही सही हवी आहे. एका खाजगी दवाखान्याने या प्रोग्रामचे दहा हजार देऊ केलेत. आई बिड्या वळते. ती म्हणते, सही कर आणि मोकळी हो. काय करू?

उत्तर : पोरी, हे दोन कागद एका पिनने जोडून आले असले तरी प्रकरणं दोन आहेत. हमीपत्राच्या, म्हणजे मालकीच्या प्रकरणात तुझी बाजू भक्कम आहे, नोटिशीच्या, म्हणजे फाइलच्या प्रकरणात नाही. आणि तुझ्या पत्रात भीती सगळी हमीपत्राची दिसते, फाइलचा उल्लेख मात्र जाता जाता आलाय. मला काळजी फाइलची वाटते.

आधी मालकी. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते आणि कलम १७ प्रमाणे जो लिहितो तो पहिला मालक. नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून लिहिलं तर मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते, पण तू कॉलेजची नोकर नाहीस, फी भरून शिकणारी विद्यार्थिनी आहेस. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. एवढं मात्र समजून घे की हक्क तू लिहिलेल्या कोडवर आहे, त्यातल्या गणितावर नाही. १४ किलोच्या मुलाला पहिल्या १० किलोंना तासाला ४ मिलिलिटरप्रमाणे ४०, पुढच्या ४ किलोंना २ प्रमाणे ८, मिळून तासाला ४८ मिलिलिटर सलाईन. हा हिशेब हॉलिडे आणि सेगर या डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून आलेला आहे, तो सगळ्या जगाचा. उद्या दुसऱ्या कुणी त्याच हिशेबावर स्वतः कोड लिहिला तर तू त्याला अडवू शकत नाहीस.

एक गोष्ट तपासायला हवी. प्रवेशाच्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात ‘संस्थेची साधने वापरून केलेले काम संस्थेचे’ अशा अर्थाचा कागद होता का? असेल तर त्याची प्रत मिळव. त्यावर वाद घालता येतो, पण आधी तो वाचायला हवा. प्रोग्राम तुझ्याच लॅपटॉपवर, तुझ्याच वेळेत झाला, याचा पुरावाही जप. गिटहबवरच्या कमिटच्या (बदल साठवल्याच्या नोंदींच्या) तारखा दाखवाव्याशा वाटतील. पण त्या तुझ्याच मशीनच्या घड्याळावरून पडतात, म्हणून एकट्या पुरत नाहीत. कोड सर्व्हरवर कधी चढला याची नोंद अधिक वजनाची. असा पुरावा कोर्टात द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

हमीपत्रावर सही करू नकोस. सही केली की नोटीस मिटेल असं आईला वाटतं. कागद पुन्हा वाच. नोटीस मागे घेऊ, असं त्यात कुठे लिहिलंय? तू पाठवलेल्या मजकुरात तरी मला तसं वाक्य सापडलं नाही. शिवाय ‘कॉलेजसाठी केला’ हे विधान खोटं आहे आणि ते तू स्वतःच्या हाताने लिहून देणार आहेस. वरचढ माणसाने दाबून घेतलेली सही कायद्याने रद्द करता येते, करार कायद्याचं कलम १६ त्यासाठीच आहे. पण दबाव होता हे शाबीत करायला वर्षं जातात. प्रोग्राम वॉर्डाला वापरू द्यायची तुझी मनापासून इच्छा असेल तर मालकी न देता लेखी परवाना दे. विभागाने तपासून घ्यावा, फुकट वापरावा, तुझं नाव तसंच राहावं. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं.

आता ती फाइल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे कॉम्प्युटरच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय त्यातली माहिती उतरवून घेतली तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरण्याला वेगळं कलम आहे. तुझा हेतू शिकण्याचा होता आणि गुन्हा ठरतो की नाही हे हेतूवरच अवलंबून आहे. म्हणूनच त्या दहा हजारांना आज हात लावू नकोस. पैसे घेतलेस की ‘शिकण्यासाठी’ हा शब्द कुणी ऐकून घेणार नाही.

नावं काढली म्हणतेस. पण फाइलच्या पहिल्या ओळीत काय आहे? वय दोन वर्षे, गावाचं नाव, दाखल केल्याची तारीख. शंभर उंबऱ्यांच्या वाडीत त्या दिवशी कुणाचं लेकरू बेळगावला नेलं हे अख्ख्या वाडीला माहीत असतं. नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो. त्यातून ही लहान मुलं. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये आलेला कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आईवडिलांची संमती हवी, असं तो म्हणतो. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या आयांनी ती लेकरं तुमच्या हाती दिली त्यांना तू विचारलं नव्हतंस. हे मी तुला रागावून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आजच्या आज गिटहबवरचा तो साठा (प्रोग्राम आणि फाइल ठेवलेली जागा) खाजगी कर. नुसती फाइल काढून नवा कमिट टाकलास तर जुनी फाइल इतिहासात तशीच राहते. कुणी आधीच फोर्क (साठ्याची स्वतःची नक्कल) घेतला असेल तर तो तुझा साठा खाजगी झाल्यावरही उघडाच राहतो, तेही बघ. पण नोटीस हातात असताना काहीही कायमचं पुसू नकोस, लॅपटॉप फॉरमॅट करू नकोस, त्या डॉक्टरांबरोबरचे मेसेज उडवू नकोस. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपापेक्षा जड जाऊ शकतो. खाजगी कधी केलं त्याचा स्क्रीनशॉट ठेव. कायमचं काढून टाकायची परवानगी नोटिशीच्या खुलाशातच माग.

खुलासा मुदतीत जायलाच हवा, आणि वकिलाशेजारी बसून लिही, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य पुढे तुझ्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. सात दिवस कमी वाटले तर आधी एका पानाचा अर्ज दे : ज्या कागदांवरून आरोप केला त्यांच्या प्रती द्याव्यात, वेळ वाढवावा, माझं म्हणणं समक्ष ऐकावं. आवक शिक्क्यासह पोच घे. रेसिडेंट डॉक्टरांवर ढकलू नकोस आणि त्यांना वाचवायला खोटंही लिहू नकोस. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. प्रकरण फार ताणलं तर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे, पण खुलासा नीट गेला तर तिथवर जायची वेळ येऊ नये.

दवाखान्याबद्दल आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठी असलेलं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आलंय. अभ्यासासाठी लिहिणं वेगळं, दवाखान्याला विकणं वेगळं. त्याच १४ किलोच्या मुलाला २० थेंबांच्या (एका मिलिलिटरला २० थेंब पडणाऱ्या) सलाईन सेटवर मिनिटाला १६ थेंब लागतात, ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर ४८. नर्सने प्रोग्राममध्ये चुकून मायक्रो निवडलं आणि समोर लावलेला सेट साधा असला, तर लेकराला तिप्पट पाणी जाईल. लायसन्सची चौकशी झाल्याशिवाय विकायचं नाव काढू नकोस. शिकणं मात्र थांबवू नकोस, त्याला कुठलाही कायदा आड येत नाही.

राहिली आईची सही. तू अठरा पूर्ण आहेस, तुझ्या हक्काच्या कागदावर पालकाच्या सहीची कायद्याला गरज नाही. आपल्या सीमाभागात मी असे कितीतरी कागद पाहिले : मजकूर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि खाली थरथरत्या हाताने मराठीत केलेली सही. सही करणाऱ्याला वर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलेलं नसतं. आज संध्याकाळी आईजवळ बस, हमीपत्रातली ओळ न् ओळ तिला मराठीत सांग, आणि तो कागद सही न करता नोटिशीबरोबर जपून ठेव.