घर विकायचंय, पण उताऱ्यावर अजून आबाच

प्रश्न: सर नमस्कार. आमचं घर सांगलीत गावभागात आहे, आबांच्या म्हणजे वडिलांच्या नावावर. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही दोघं भाऊ, बहीण तासगावला दिलीय, आई आमच्याजवळ असते. 2019 च्या पुरात कपाटात पाणी शिरलं आणि मूळ खरेदीखताचा लगदा झाला. आता गिऱ्हाईक आलंय, एजंट म्हणतोय नोटरी करून संचकार (इसाराची रक्कम) घेऊन टाका, कागदपत्रं मागनं बघू. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. ज्या घराचे पैसे घेणार ते कागदावर अजून आबांचंच आहे. संचकारपत्रात तीन महिन्यांत खरेदी देतो असं लिहून बसता, इकडं वारस नोंद अडकते आणि मुदत मोडली तुम्हीच, मग गिऱ्हाईक दुप्पट परत मागतं कारण तशी अट एजंटनं आधीच टाकलेली असते. आणि नोटरीनं मालकी फिरत नाही, 2011 ला सूरज लॅम्प प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मालकी रजिस्टर खरेदीखतानंच जाते.

खरेदीखताचं एवढं टेन्शन घेऊ नका. दस्त रजिस्टर झालेला असेल तर नोंद दुय्यम निबंधकांकडं म्हणजे रजिस्टर ऑफिसात असते, नंबर आणि साल सांगितलं की सही-शिक्क्याची नक्कल मिळते. नंबर माहीत नसेल तर सूची 2 मध्ये, म्हणजे तिथल्या दस्तांच्या यादीत, नावावरनं शोधायचं, ई-सर्चला म्हणजे ऑनलाइन बघा पण जुन्या सालांचं सगळं तिथं सापडेलच असं नाही, मग ऑफिसात जाऊन सर्च टाकायचा. लगदा झाला तरी फेकू नका, वाळवून पिशवीत ठेवा. पोलिसांत कागद खराब झाल्याची तक्रार आणि पेपरात जाहीर नोटीस हेही करून ठेवा, कारण गिऱ्हाईक लोन काढणार असेल तर बँकेचा वकील ते मागणार, वर बहुतेक 30 वर्षांचा सर्चही मागणार.

खरी मेख वारसांची आहे. आबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर त्यांनी स्वतः घेतलेलं असेल तर हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही दोघं आणि बहीण असे चार सारखे हिस्से. आबा गेले तेव्हा तुमची आजी, म्हणजे आबांची आई, हयात होती का ते आठवा, कारण असेल तर पाचवा हिस्सा तिचा, आणि ती नंतर वारली असेल तर आज आत्या-काकांच्याही सह्या लागू शकतात, हे लोक हमखास विसरतात आणि ऐनवेळी रजिस्टर ऑफिसच्या दारात भांडणं होतात. सिटी सर्व्हे ऑफिसात मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार लावून अर्ज द्या, ते नोटीस काढतात, हरकतीला 15 दिवस, आणि मग मिळकत पत्रिकेवर (सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर) तुमची नावं चढतात. घरपट्टीला नाव लागलंय म्हणजे झालं असं समजू नका, ती पट्टी वसूल करायची वही आहे.

आता बहीण. 'ती काय, सही करेल की' असं धरून चालू नका. हक्कसोडपत्र रजिस्टरच लागतं, स्टँपवर घरात लिहून घेतलेलं उपयोगाचं नाही. माझं विचाराल तर ती खुशीनं सोडत नसेल तर हक्कसोडचा विषयच काढू नका, चौघंही खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून या आणि तिच्या हिश्श्याचा चेक तिच्याच नावानं निघू दे. फक्त एक बघा, वारस नोंदीत तिचं माहेरचं नाव आणि आधारला सासरचं असं असतंय, तर दोन्ही नावं दस्तात लिहा आणि लग्नाचा दाखला जोडा. आईचं पॅन नसेल तर आजच काढायला टाका, एकूण किंमत 50 लाख किंवा वर असली तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापतो, पॅन नसेल तर 20 टक्के. आईंना चालता येत नसेल तर अर्ज आणि वेगळी फी भरून दुय्यम निबंधक घरी येऊन सही-अंगठा घेऊ शकतात. मुद्रांक शुल्क साधारणपणे घेणाराच भरतो, त्यात तुम्ही पडू नका.

प्रश्न: मिरजेत घर आहे. पतसंस्थेचं कर्ज कधीच फेडलंय पण उताऱ्यावर बोजा तसाच दिसतोय, गिऱ्हाईक बिचकतंय.

उत्तर: कर्ज फिटलं की बोजा आपोआप निघतो असं नाही, कोणीतरी अर्ज द्यावा लागतो आणि तो कोणी दिलेला नसतो. संस्थेकडनं कर्ज निरंक असल्याचा दाखला आणि बोजा कमी करायचं पत्र घ्या, ते सिटी सर्व्हेला किंवा सातबारा असेल तर तलाठ्याकडं द्या. गहाणखत रजिस्टर असेल तर ते सोडवल्याचा दस्तही रजिस्टर करावा लागेल. बँकांना डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेनं सक्ती केलीय की कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, त्यांच्यामुळं उशीर झाला तर रोज 5,000 रुपये भरपाई, पण पतसंस्थेला तो नियम लागू नाही, तिथं मागं लागूनच काम होतं. संस्था अवसायनात गेली, म्हणजे बंद करायला काढली असेल, तर पत्र ते काम बघणाऱ्या अवसायकाकडनं घ्यायचं, तो कोण हे जिल्हा उपनिबंधक सहकारी संस्था यांच्या ऑफिसात कळेल.

प्रश्न: शामरावनगरला गुंठेवारीत, म्हणजे बिनपरवाना गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटवर, घर आहे, नियमित केलेलं नाही. तसंच विकलं तर?

उत्तर: बँक सहसा लोन देत नाही, म्हणजे रोखीचं गिऱ्हाईक शोधावं लागतं आणि ते भाव पाडूनच मागतं. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात आधी 1 जानेवारी 2001 पूर्वीचीच बांधकामं बसत होती, 2021 च्या दुरुस्तीनं ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली. तुमचं त्यात बसत असेल तर महापालिकेत फाईल टाका, शुल्क भरा, प्रमाणपत्र हातात आल्यावर विकायला काढा. शुल्क जड वाटतं खरं, पण भावात जे पाडून मागतात ते बहुतेक वेळा त्याहून जास्त असतं.

प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतंय निम्मे कॅश देतो, दस्तावर कमी दाखवू.

उत्तर: घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा वर रोख घेतली की घेतली तेवढाच दंड बसू शकतो आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. शिवाय रेडी रेकनरची म्हणजे सरकारी दरानं येणारी किंमत दस्तावरच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असली तर टॅक्स रेकनरच्याच किमतीवर धरतात. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर दुसरं बघा.