कुंद्याचा रंग आणि रक्तातील साखर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून बेळगावात खोली घेऊन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या मानेवर काळसर, जाडसर पट्टा दिसला. मळ समजून मी तो घासूनही पाहिला. तपासणीत उपाशीपोटी साखर ९६ आणि एचबीए१सी ५.८ आले. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो, म्हणजे तो जाड नाही. पोट मात्र सुटले असून कंबर ९२ सेंटिमीटर भरली. डॉक्टरांनी ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ असे निदान सांगितले. साखरेपासून शरीरात घातक पदार्थ तयार होतात आणि त्यामुळेच हे होते, असे त्याचा मित्र म्हणतो. हे खरे आहे काय? आणि उपाशीपोटीची साखर ठीक असताना हे निदान कसे?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे, मात्र कारण आणि परिणाम यांचा क्रम त्याने फारच सोपा करून टाकला आहे. ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणजे इन्सुलिनला पेशींनी नीट दाद न देणे.

कुंदा ही आपली बेळगावी मिठाई करताना दूध आटत जाते तसतसा त्याला तपकिरी रंग चढतो, हे आपण पाहिले असेल. हा रंग केवळ साखर करपल्याने येत नाही. दुधातील लॅक्टोज ही शर्करा दुधातल्याच प्रथिनांना चिकटते आणि त्यातून रंग, वास व चव देणारे नवे पदार्थ तयार होतात. लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले. त्याच जातीची अभिक्रिया आपल्या शरीरात ३७ अंशांवर, कोणत्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीवाचून, अत्यंत संथपणे चालू असते. कढईत जे घोटता घोटता होते, त्याला शरीरात आठवडे, महिने आणि वर्षे लागतात.

आपल्या हातातील अहवाल हे याच अभिक्रियेचे मोजमाप आहे. रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटतो आणि तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्यामुळे एचबीए१सीवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. हा झाला पहिला टप्पा. त्वचेतील आणि रक्तवाहिन्यांतील कोलॅजेन किंवा डोळ्याच्या भिंगातील प्रथिने वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्यांच्यावर पुढचे टप्पे पार पडून न सुटणारी पक्की संयुगे बनतात. त्यांना ‘एजीई’ म्हणतात. मराठीत ‘प्रगत शर्कराबंध पदार्थ’ म्हणता येईल, पण दवाखान्यात एजीई हाच शब्द कानावर पडेल. याशिवाय पेशी ग्लुकोज जाळत असताना मिथाइलग्लायॉक्साल नावाचा एक अतिशय क्रियाशील पदार्थ आडवाटेने तयार होतो आणि त्यापासूनही एजीई बनतात. हा पदार्थ निकामी करणारी विकरे पेशीत असतातच. मात्र साखरेचा ओघ सतत वाढता राहिला तर ती अपुरी पडू शकतात.

एजीई पेशींवरील ‘रेज’ नावाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटले की पेशीत दाह निर्माण होतो, आणि इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारी साखळी या दाहामुळे अडखळते, असे प्रयोगशाळेतील पेशींवर आणि प्राण्यांवर स्पष्ट दिसले आहे. तरीही तरुण वयात इन्सुलिनला दाद न मिळण्याची मुख्य कारणे यकृतात व स्नायूंत साठलेली चरबी, बैठी दिनचर्या आणि अपुरी झोप हीच आहेत. एजीई हे या प्रकरणातले साथीदार आहेत, सूत्रधार नव्हेत. साखर वाढली की ते वाढतात, आणि ते वाढले की साखर आटोक्यात ठेवणे आणखी कठीण होते.

आता उपाशीपोटीच्या साखरेविषयी. पेशी दाद देत नाहीत असे दिसल्यावर स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि साखर मर्यादेत ठेवते. त्यामुळे काही वर्षे हा आकडा चांगलाच येत राहतो. रक्तात वाढलेले हेच इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढीस उत्तेजन देते आणि मान, काख, सांधे येथे मखमलीसारखा काळसर पट्टा उमटतो. तो घासून जाणार नाही. मुलाच्या मानेला आता विश्रांती द्यावी.

‘तो जाड नाही’ या आपल्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडची माणसे, अगदी नवजात बालकेसुद्धा, दिसायला बारीक असूनही शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असलेली असतात, हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० मानली जाते. मुलाचे वजन उंचीच्या मानाने बरोबर असले तरी कंबर मर्यादेबाहेर आहे, आणि या वयात वजनकाट्यापेक्षा मोजपट्टीवर अधिक विश्वास ठेवावा. ऐन वयात येताना इन्सुलिनला मिळणारी दाद काही काळ सर्वांचीच घटते व पुढे सुधारते. पण १९ व्या वर्षी तेवढ्यावर बोळवण करता येणार नाही.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ असणे म्हणजे मधुमेहाची पूर्वस्थिती. तथापि लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग असल्यास हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची चाचणी करावी. त्या वेळी १४० पेक्षा कमी आली तर उत्तम. यकृताची तपासणीही त्याच फेरीत उरकावी. अहवाल इंग्रजीत, डॉक्टरांचे सांगणे कन्नडात आणि घरातली चर्चा मराठीत, अशी आपल्या भागात अनेकांची स्थिती असते. तेव्हा आकडे समजले नाहीत तर पुन्हा विचारण्यास संकोच करू नये.

उपायांत सर्वांत आधी शीतपेय बंद करावे. ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या दृष्टीने दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असणे हितकर आहे. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही ग्लुकोज ओढून घेतो. खोलीवर राहणाऱ्या मुलांच्या रात्रीच्या जागरणाबद्दल मी वेगळे काय सांगावे! भारतातच झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत केवळ आहार आणि व्यायामाने मधुमेहाकडे जाण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले होते, आणि ते औषधाने साधलेल्या घटीपेक्षा कमी नव्हते.

प्रश्न : आमचे गुऱ्हाळ आहे. घरात साखर येत नाही. मुले गूळ आणि काकवीच खातात. त्यांना हा धोका नाही ना?
— एक वाचक, निपाणी परिसर

उत्तर : आपल्या व्यवसायाचा आदर राखून सांगतो की, या बाबतीत गुळाला सूट नाही. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात, परंतु त्याचा बहुतांश भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असते. सुक्रोज स्वतः प्रथिनांना चिकटत नाही. आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात आणि मग ते चिकटू लागतात. काकवीत ही फोड काही प्रमाणात आधीच झालेली असते. त्यातही फ्रुक्टोज प्रथिनांना ग्लुकोजपेक्षा वेगाने चिकटते, आणि त्याचा मोठा भाग यकृतात जात असल्याने अतिरेक झाल्यास तेथे त्याची चरबी होते. हंगामात भाकरीबरोबर चमचाभर काकवी खाल्ली तर काही बिघडत नाही. उसाचा रस मात्र पेला-पेला प्यायला जातो आणि त्यात चावण्याचे श्रमही नसतात. त्यापेक्षा मुलांना ऊस दातांनी सोलून खाऊ द्यावा.

प्रश्न : भाजलेल्या, तळलेल्या पदार्थांतही एजीई असतात असे वाचले. मग भाकरी सोडावी काय? आणि शरीरातील एजीई मोजून घ्यावेत काय?
— एक विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : भाकरी सोडू नये. कोरड्या, तीव्र उष्णतेने एजीई वाढतात हे खरे असले, तरी ते विशेषतः तळलेल्या आणि निखाऱ्यावर भाजलेल्या मांसात व चरबीयुक्त पदार्थांत अधिक असतात. उकडलेल्या आणि रश्शात शिजवलेल्या अन्नात बरेच कमी. मांसाला शिजवण्याआधी लिंबू लावून ठेवल्यास ते आणखी घटतात. चेन्नईतील संशोधकांनी वजन जास्त असलेल्या ३८ प्रौढांना १२ आठवडे असा आहार देऊन पाहिला, तेव्हा कमी एजीईच्या आहाराने इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली. संख्या लहान आहे, त्यामुळे मी त्याचा डांगोरा पिटणार नाही. पण रोजची मिरची भजी आठवड्यातून एकदावर आणायला एवढा आधार पुरे. एजीई मोजण्याच्या चाचणीवर पैसे घालवू नयेत. त्याऐवजी एचबीए१सी आणि कंबर मोजावी, आणि मासिक पाळी अनियमित असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यामागेही इन्सुलिनला दाद न मिळणे असू शकते.