मराठीतून दहावी, पुढे इंग्रजीतून विज्ञान: एका मुलीची वही

"मॅडम, दहावीपर्यंत वर्गात पहिली होती. आता म्हणते, मला काही येतच नाही. मराठीतून शिकवलं, हे आमचं चुकलं का?" खानापूर तालुक्यातून बेळगावच्या एका पदवीपूर्व (अकरावी-बारावीच्या) महाविद्यालयात आलेल्या मुलीचे वडील सप्टेंबरमध्ये मला विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सीमाभागात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सर्वाधिक ऐकावा लागतो, कारण दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांपुढे विज्ञान शाखेत पाऊल ठेवताच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय एकदम इंग्रजीतून उभे राहतात.

मुलीची भौतिकशास्त्राची वही अतिशय सुबक होती. फळ्यावरचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उतरवलेले होते, मात्र समासात एकही शंका नव्हती. मी 'व्हेलॉसिटी' या शब्दावर बोट ठेवले, तेव्हा तिने मान खाली घातली. मग मी मराठीतून चाल (स्पीड) आणि वेग (व्हेलॉसिटी) यांतला फरक विचारला. ती लगेच म्हणाली, "वेगाला दिशा असते. खानापूरहून येणारी बस आणि परत जाणारी बस एकाच चालीनं धावल्या, तरी वेग वेगळा." ज्या प्रश्नाला चाचणीत तिला शून्य गुण मिळाले होते, त्याचेच हे उत्तर होते.

वडिलांना मी स्पष्ट सांगितले की मराठीतून शिकवणे ही चूक नव्हती. संकल्पना पक्की झाली ती त्यामुळेच. कमी पडले ते दोन भाषांना जोडणारे काम, आणि ते महाविद्यालयाने करायला हवे. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रत्येक धड्याआधी पारिभाषिक शब्दांची यादी देण्याचे मान्य केले. आम्ही दर गुरुवारी एक गट बसवू लागलो. त्यात कन्नड माध्यमातून आलेली मुलेही आली, कारण त्यांचीही अडचण हीच होती; 'वेग' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे हे कळल्यावर त्या खोलीतला संकोच बराच ओसरला.

अमेरिकन शालेय समुपदेशक संघटना अभ्यास, करिअर आणि भावनिक-सामाजिक वाढ अशी कामाची तीन क्षेत्रे मानते आणि २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी शिफारस करते. आमच्याकडे एकच व्यक्ती आठवड्यात अनेक शाळा फिरते, तरी ही तिन्ही क्षेत्रे एकाच मुलीत कशी गुंतलेली असतात, हे रोज दिसते. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली की रात्री झोप लागत नाही आणि कला शाखेत जावेसे वाटते. झोपेची गोष्ट तिच्या संमतीनेच मी घरी सांगितली, आणि रात्री फारच असह्य झाले तर बोलता यावे म्हणून १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक तिला लिहून दिला. शाखा बदलण्यात कमीपणा नाही, परंतु भीतीपोटी बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. म्हणून आधी तिला काय आवडते ते पाहिले. उद्यमबागेतील कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या वडिलांकडून ती मायक्रोमीटर हे बारीक मापे घेण्याचे उपकरण वाचायला शिकली होती, आणि त्याविषयी बोलताना प्रथमच तिचा आवाज मोकळा झाला. दहावीनंतरच्या ३ वर्षांच्या तंत्रनिकेतन पदविकेबद्दल घरात कुणी बोललेच नव्हते, कारण हुशार मुलीने डॉक्टर व्हायचे, असे सर्वांनी धरून चालले होते.

वर्षअखेरीस निर्णय घ्यायचा, तोवर शाखा बदलायची नाही, असे तिघांच्या बैठकीत ठरले. सहामाहीत ती भौतिकशास्त्रात उत्तीर्ण झाली. रसायनशास्त्रात मात्र थोडक्यात राहिली. त्या विषयाच्या शब्दांची यादी अजून निम्मीच भरली आहे, आणि पुढची पाने आम्ही येत्या गुरुवारी घेणार आहोत.